अंगतपंगत रीलोडेड

शुक्रवारची संध्याकाळ. घड्याळात पावणेसात. कॉम्प्युटर शट डाऊन करता करता प्रत्येक क्यूबिकलमधून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘मग? वीकएण्डला काय?’ उत्तरही ठरलेलं. ‘भेटू या ना यार कुठंतरी!’

आता या ‘कुठंतरी’चे अर्थ तीनच, हे तुम्हालाही माहितेय आणि मलाही.

अर्थ पहिला, हॉटेल. म्हणजे आधी पाऊण तास फुटपाथवर वेटिंग. आत गेल्यावर म्युझिक इतकं ढणाढणा की समोरच्याचं प्रमोशन झालंय की ब्रेकअप, हे त्याच्या ओठांच्या हालचालींवरून ओळखायचं. आणि शेवटी ज्या बिचाऱ्यानं नुसतं सूप प्यायलं, त्याच्याही माथी बिलाचा आठवा हिस्सा.

अर्थ दुसरा, कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचं आणि मोबाइलवरून मागवायचं. अर्धा तास ‘काय मागवायचं’ यावर चर्चा, अर्धा तास ‘कुठपर्यंत आलाय’ यावर. मग प्लास्टिकच्या डब्यांचा ढीग आणि कुणीच न फोडलेली केचपची पाकिटं. पोट भरतं, नाही असं नाही. पण एकत्र जमलेल्या आठ जणांपैकी कुणाच्याच घरचं काही ताटात नसतं.

अर्थ तिसरा. ‘आमच्याकडेच या ना जेवायला!’ ऐकायला सगळ्यात गोड, आणि सगळ्यात डेंजरस हाच. कारण यात एका माणसाचा, खरं तर बहुतेक वेळा एका बाईचाच, शनिवार मंडईत जातो आणि रविवार ओट्यापाशी. बाहेरच्या खोलीत हास्याचे स्फोट, आणि आत ती गरम पुऱ्या तळतेय. मधूनच कुणीतरी डोकावून म्हणतं, ‘ए, तू पण ये ना बसायला.’ ती म्हणते, ‘आलेच, तुम्ही सुरू करा.’ ती येते तेव्हा लोक बडीशेप खात असतात. त्यानंतर सहा महिने त्या घरात कुणाला बोलवायचं नाव निघत नाही. का निघावं?

पण मंडळी, चौथा ऑप्शन आहे. तो आपल्याला तिसरीत असल्यापासून माहितेय. कॉर्पोरेटवाले त्याला ‘पॉटलक’ म्हणतात आणि एचआर त्याचं पोस्टर लावतं. आपण त्याला साधं, सरळ अंगतपंगत म्हणायचो.

झाकण हीच प्लेट

आठवतंय? वर्गात बाक सरकवून गोल करून बसायचं. डब्याचं झाकण हीच प्लेट. कुणाकडे गूळतूप-पोळीचा रोल, कुणाकडे बटाट्याच्या काचऱ्या, कुणाकडे लिंबाच्या लोणच्याचं तेल भाजीत उतरलेलं. एखाद्याच्या डब्यात रोजच चटणीपोळी असायची आणि तरी त्या गोलात तो उपाशी राहायचा नाही. ज्याचा डबा सर्वांत भारी, तो सर्वांत आधी रिकामा व्हायचा आणि त्याच्या मालकाला दुसऱ्यांच्या डब्यांवर जगावं लागायचं.

त्या गोलात यजमान कुणीच नव्हता आणि पाहुणाही कुणी नव्हता. अंगतपंगतीचा सगळा फंडा एवढाच आहे आणि तो जाम पॉवरफुल आहे.

ही आयडिया शाळेपेक्षा खूपच जुनी. गोपाळकाला आठवा. कृष्णानं सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून कालवल्या आणि सगळ्यांना खिलवल्या, ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. आषाढी वारीचा शेवटसुद्धा आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काल्यानंच होतो. लाह्या, पोहे, दही असं सगळं एकत्र आणि वारकरी ते एकमेकांच्या तोंडात भरवतात. शेजारचा कोण, कुठला, हे न विचारता.

‘न विचारता’ यावर जरा थांबा. कारण आपल्याकडे हे फार विचारलं जायचं. कोण कुणाच्या पंक्तीला बसणार आणि कोण कुणाच्या हातचं खाणार, यावर अख्खा समाज बांधलेला होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मान्यवर मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. बस्स! मिशनऱ्यांकडचा चहा म्हणून शहरात गदारोळ उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांपर्यंत पोचलं. एका कप चहावरून! आणि त्याच महाराष्ट्रात, कोल्हापुरात, गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात, म्हणून शाहू महाराज स्वतः तिथं थांबून सगळ्यांदेखत चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे.

तेव्हा बॉस, ऑफिसच्या पॅण्ट्रीत ‘घे रे, माझ्या डब्यातली चिंच-गुळाची आमटी घे’ असं कुणी म्हणतं, ते वाटतं तितकं छोटं नसतं. आजही ‘आमच्यात हे चालत नाही’ असं म्हणत खुर्ची तीन इंच मागं सरकवणारे आहेतच. तुमच्याही ऑफिसात असतील.

२०१ मिनिटं

आता जरा आकडे. आपण सगळे एक्सेल शीटवर वाढलेले, त्यामुळे आकडे दिल्याशिवाय पटत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ साली देशभर एक वेळवापर सर्वेक्षण केलं. कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतं, याची ही पाहणी. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष? ८८ मिनिटं. तीसुद्धा सगळ्या पुरुषांची सरासरी नाही. ज्यांनी त्या दिवशी घरात काहीतरी केलं, फक्त त्यांची. याआधीच्या २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते.

वजाबाकी करून बघा. २०१९मध्ये फरक २०२ मिनिटांचा, २०२४मध्ये २०१. पाच वर्षांत आपण एक मिनिट मारलं. टाळ्या!

या २८९ मिनिटांत झाडू-पोछा, कपडे वगैरे सगळंच आलं, पण स्वयंपाक त्यात मोठा. आणि ‘आईच्या हातची चव’ म्हणून आपण जिच्यावर स्टेटस टाकतो, ती चव याच मिनिटांतून येते. चवीचं कौतुक आपण भरभरून करतो. पण ती करणारी आपल्याबरोबर जेवायला बसली का, हे विचारायचं राहून जातं.

म्हणून मला अंगतपंगत आवडते. तिच्यात काम आपोआप वाटलं जातं आणि सगळे एकाच वेळी जेवतात.

आमचे नियम

आमचा आठ जणांचा ग्रुप आहे. एकाच कंपनीत चिकटलेलो, आता पाच कंपन्यांत पांगलेलो. दोघं लग्न झालेले, एकीला दोन वर्षांचा मुलगा, बाकी आम्ही फ्लॅट शेअर करणारे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. नियम पाचच.

एक. घर ज्याचं, त्यानं फक्त सतरंजी, ताटं, पाणी आणि गरम भात द्यायचा. बाकी काही करायचं नाही. ‘थोडासा शिरा केला’ असा भावनिक अत्याचार चालणार नाही. आठ जणांना तीन वाट्या तांदूळ पुष्कळ होतात.

दोन. पदार्थ स्वतःच्या हातानं करायचा. विकत आणलेला नाही, आईकडून करवून घेतलेला नाही, बायकोकडून तर नाहीच नाही. आईला फोन केला तर चालेल. (हे फोन ऐकण्यासारखे असतात. ‘आई, मीठ किती?’ ‘चवीपुरतं.’ ‘कणीक किती?’ ‘मावेल तेवढी.’ ‘म्हणजे किती?’ ‘अरे, हाताला कळतं!’ ज्यांच्या हाताला अजून कळत नाही, त्यांनी कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं ‘रुचिरा’ हाताशी ठेवावं. तिथं वाटी-चमच्याचं माप मिळतं.)

तीन. एकानं एकच पदार्थ. कोण काय आणणार, हे गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाकायचं, नाहीतर पाच जण बटाट्याची भाजी आणतात. पदार्थ आठ असतील, तर आठ जणांना पुरेल एवढं करायचं नाही, चौघांचंच करायचं. प्रत्येक जण सगळ्यातलं थोडं थोडं घेतो, पुरतं. नाहीतर उरलेल्या उसळीचे डबे घेऊन मंगळवारपर्यंत फिरावं लागतं.

चार. सगळे एकदम बसणार. भांडी मधे, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं आणि पुढं सरकवायचं. ‘तुम्ही बसा, मी वाढते’ या वाक्यावर बंदी आहे. ‘मी वाढतो’वर सध्या बंदी नाही, कारण ते अजून कुणी म्हटलेलं नाही.

पाच. स्वयंपाक ज्यानं सर्वांत सोपा केला, तो भांडी घासणार. या नियमामुळे नुसत्या काकड्या कापून आणणाऱ्यांच्या पाककौशल्यात आश्चर्यकारक प्रगती झाली आहे.

आमच्यात दोघं पूर्ण शाकाहारी आहेत आणि एक मालवणचा. त्याचं तिखलं आलं की त्याचा चमचा वेगळा, एवढंच. नाकं मुरडायची नाहीत, प्रवचन द्यायचं नाही आणि ‘तू जरा तिकडं बसून खा’ तर अजिबात म्हणायचं नाही. गोल म्हणजे गोल.

नवशिक्यांसाठी दोन टिप्स फुकट. काकडीची कोशिंबीर करत असाल तर काकडी, दाण्याचं कूट, मिरची, साखर सगळं डब्यात घाला, पण मीठ आणि लिंबू तिथं पोचल्यावर. मीठ काकडीतलं पाणी ओढून काढतं आणि तासाभरात कोशिंबिरीचं सार होतं. आणि दहीभात न्यायचा असेल तर कोमट भात दुधात कालवा, त्यात दही फक्त एक-दोन चमचे. वाटेत हळूहळू विरजतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत आंबट न होता बेस्ट लागतो.

भरताचा बॅकअप

आमच्यातला एक जण जळगावचा. दर हिवाळ्यात त्याच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असायचा. रात्रीच्या लक्झरी बसमधून काकू ड्रायव्हरकडे स्टीलचा मोठा डबा द्यायच्या, वर फडकं बांधलेला. सकाळी सहाला हा स्टॉपवर जाऊन तो घ्यायचा आणि दुपारी ऑफिसात तो डबा उघडला की आमचा मॅनेजरसुद्धा मीटिंग सोडून यायचा. आत खान्देशी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, पण आमच्या टेबलावर त्याचं मानांकन वेगळंच होतं. पाच हिवाळे आम्ही तो डबा खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात बस आली, डबा आला नाही. भरताचा विषय आम्ही कुणी काढला नाही. त्यानंही नाही. त्याच्या घरी कुठं वही नव्हती, रेसिपी लिहिलेली नव्हती. बहीण लग्न होऊन लांब गेलेली. ती म्हणाली, आई मला शेगडीजवळ फिरकू द्यायची नाही, ‘अभ्यास कर’ म्हणायची.

मग यंदाच्या डिसेंबरात ग्रुपवर त्यानं गुरुवारी टाकलं, ‘मी भरीत.’ बाकी काही नाही.

रविवारी त्यानं तोच स्टीलचा डबा उघडला. आम्ही खाल्लं. चांगलं होतं. पण ते नव्हतं, आणि ते नाही हे आठही जणांना कळत होतं. थोडा वेळ सगळे गप्प. मग एक जण चाचरत म्हणाला, ‘अरे, काकूंच्यात शेंगदाणे अख्खे असायचे ना? दाताखाली यायचे.’ दुसरी म्हणाली, ‘आणि कांद्याची पात जरा कच्ची असायची. करकरीत.’ मालवणवाला म्हणाला, ‘खोबऱ्याचे काप होते. किसलेलं नव्हतं. मला आठवतंय, कारण मी ते वेचून खायचो.’ मी म्हटलं, मिरच्या लाल नाहीत, हिरव्याच, आणि भाजलेल्या असणार, कारण तिखट होतं पण झोंबायचं नाही. तो मोबाइलवर सगळं भराभर टाइप करत होता. मान वर करत नव्हता.

जानेवारीत त्यानं दुसरा प्रयत्न आणला. तेव्हा कळलं की वांगी आणि मिरच्या एकत्र ठेचलेल्या असणार, वांगी नुसती कुस्करून भागत नाही. फेब्रुवारीत तिसरा. पहिला घास घेतला आणि कुणीच काही बोललं नाही. मग मालवणवाल्यानं खोबऱ्याचा काप वेचला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हां.’

जळगावकरानं शेवटच्या भाकरीच्या तुकड्यानं डबा आतून पुसून काढला. मग उठून भांडी घासायला गेला. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती.

आपण कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फालतू फाइलचा बॅकअप ठेवतो. आईच्या हातच्या चवीचा बॅकअप कुठं असतो? वहीत थोडासा असतो, व्हिडिओत थोडासा. बाकीचा असतो, तिचा डबा ज्यांनी ज्यांनी खाल्ला त्यांच्या जिभेवर. काकूंनी पाच वर्षं डबा आठ जणांना पुरेल एवढा भरला म्हणून त्यांचं भरीत आज आहे. एकट्या मुलापुरता भरला असता, तर त्याला एकट्यालाच ते शोधत बसावं लागलं असतं.

आठ जणांना आठवलेलं भरीत

(अंगतपंगतीत आठ जणांना पुरतं. नुसतं भाकरीशी खाणार असाल तर चौघांनाच.)

भरताची मोठी हिरवी वांगी एक किलो, हिरव्या मिरच्या आठ-दहा, लसणाच्या पंधरा पाकळ्या, कांद्याच्या पातीची एक जुडी, अर्धी वाटी शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मूठभर, मूठभर कोथिंबीर, अर्धी वाटी तेल, मोहरी, जिरं, मीठ.

वांग्यांना तेलाचा हात लावून सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर ती गॅसवर फुटतात. आचेवर फिरवत फिरवत साल पूर्ण काळी होईपर्यंत आणि गर मऊ होईपर्यंत भाजा. शेतातल्या काटक्यांच्या जाळाची सर गॅसला येत नाही, पण फ्लॅटमध्ये काटक्या पेटवल्या तर सोसायटीचे सेक्रेटरी येतात. झाकून पाच मिनिटं ठेवा, साल सोला. मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजा. मिरच्या आणि लसूण आधी ठेचा, मग त्यातच वांगी घालून ठेचा. मिक्सर नको, गर गुळगुळीत होतो आणि मजा जाते. कढईत तेल तापवून शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तांबूस तळून घ्या, त्याच तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी करा, ठेचलेलं वांगं आणि मीठ घालून चार-पाच मिनिटं परता. पात बारीक चिरून अगदी शेवटी घाला, एकदाच हलवा आणि गॅस बंद करा. वरून तळलेले दाणे, खोबरं आणि कोथिंबीर.

तर येत्या शुक्रवारी पावणेसातला कुणी ‘भेटू या ना कुठंतरी’ म्हटलं, की सरळ विचारा, ‘तू काय आणतोस?’ पहिल्या खेपेला तिघंच जमलात तरी चालेल. एकाचा भात, एकाची आमटी, एकाची कोशिंबीर, जेवण झालं. आणि कुणाची आई गावाहून राहायला आलेली असेल तर तिलाही घेऊन या. फक्त तिला गोलात बसवा, ओट्याकडे फिरकू देऊ नका. ती पहिला घास घेऊन ‘मीठ थोडं कमी झालंय’ म्हणेल. म्हणू द्या, आणि किती ते विचारून लिहून घ्या.

आणि हो, डब्यांची झाकणं घट्ट लावा. बसमध्ये शेजारच्याच्या मांडीवर आमटी सांडली, तर आम्ही जबाबदार नाही.